हिशेब विचारला की काय होतं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत जत्रा झाली की आठ-पंधरा दिवसांत हिशेब होतो. वर्गणी कुणी किती दिली, मांडवाला किती गेले, कुस्त्यांच्या मैदानाला इनाम किती लागलं, शिल्लक काय राहिली. देवळात किंवा चावडीत यादी वाचली जाते, नाहीतर भिंतीला चिकटवली जाते. कुणी आक्षेप घेतला तर आवाज चढतात, जुनी भांडणं निघतात, पण आक्षेप घेणाऱ्याला देवाचा वैरी कुणी ठरवत नाही. पुढच्या वर्षी तोच माणूस पालखीला खांदा द्यायला पुढे असतो.

माणसावर ताबा मिळवणाऱ्या धार्मिक संघटना नेमक्या इथं वेगळ्या पडतात. त्या ओळखायला तत्त्वज्ञानाकडे बघून उपयोग नाही, कारण तत्त्वज्ञान सगळ्यांचंच चांगलं असतं: व्यसन सोडा, आईवडिलांना जपा, नाम घ्या. बघायचं ते एवढंच, की पैशाचा प्रश्न विचारल्यावर उत्तर पैशाच्या भाषेत येतं की श्रद्धेच्या. ‘सभामंडपासाठी जमलेल्या रकमेचं काय झालं?’ या प्रश्नावर ‘इतके खर्च झाले, इतके बँकेत आहेत, हे बघा पासबुक’ असं उत्तर आलं तर काळजीचं कारण नाही. ‘ताई, तुमची साधना कमी पडतेय, म्हणून असे विचार येतात’ असं उत्तर आलं तर सावध व्हावं. संघटनेची बाहेरची प्रतिमा आणि बाहेर पडणाऱ्याशी होणारी वागणूक या दोन्ही गोष्टी याच उत्तरातून पुढे निघतात. पैशाचा ओघ विश्वासावर चालतो, विश्वास प्रतिमेवर चालतो, आणि प्रतिमेला सगळ्यांत मोठा धोका आतलं बघितलेल्या माणसाचा असतो.

पैसे मागायची सुरुवात कधीच मोठ्या रकमेने होत नाही. आधी सत्संग फुकट, महाप्रसाद फुकट, शिबिर फुकट. मग महिन्याची ठरावीक ‘सेवा’, शे-दोनशेची. मग संकल्प: अमुक विटा, अमुक पोती तांदूळ, एक दिवसाचं अन्नदान. प्रत्येक केंद्राला वरून आकडा दिलेला असतो आणि केंद्रप्रमुख तो माणसांत वाटून देतो. आपल्याकडे हा आकडा कधी येतो तेही बघण्यासारखं आहे. ऊस गेल्यानंतर १४ दिवसांत बिल देणं कारखान्यांवर कायद्याने बंधनकारक आहे, दुधाची बिलं दर दहा दिवसांनी निघतात, दिवाळीला दूध संघाचा दरफरक येतो, औद्योगिक वसाहतींत बोनस होतो. मोठ्या संकल्पांची घोषणा याच सुमाराला होते. शेतकऱ्याच्या हातात पैसा कधी असतो हे केंद्रप्रमुखाला चांगलं माहीत असतं, कारण तोही बहुधा त्याच गल्लीतला असतो.

देणगी भर सत्संगात नाव घेऊन जाहीर करण्याच्या पद्धतीला फार ताकद आहे. शेजारणीने अकरा हजार सांगितले की आपल्याला पाचशे सांगवत नाहीत. पुढची पायरी दागिने, मुदत ठेव मोडणं आणि शेवटी कर्ज. कर्ज ही सगळ्यांत धोक्याची पायरी आहे. पतसंस्थेतून वैयक्तिक कर्ज काढायचं तर जामीनदार लागतात, आणि जामीनदार म्हणून गुरुबंधूच सही करतात. त्यामुळे उद्या बाहेर पडायचं मनात आलं तर हप्ते एकट्याच्या डोक्यावर राहतात आणि जामीनदारांचा रोष वेगळा. शिवाय आपण स्वतः दुसऱ्या कुणाला जामीन असतो, ते ओझं निघताना सोडून देता येत नाही. श्रद्धा आटली तरी माणसं वर्षानुवर्षं तिथंच का राहतात, याचं उत्तर बऱ्याचदा पतसंस्थेच्या कर्जखात्यात सापडतं.

जमलेला पैसा साधारण तीन खिशांत जातो. पहिला खिसा नोंदणीकृत न्यासाचा, म्हणजे ट्रस्टचा, तो लोकांना दिसतो. दुसरा एखाद्या खाजगी कंपनीचा किंवा भागीदारीचा: उदबत्ती, साबण, औषधी तेलं, पुस्तकं, फोटो. इथला माल घेणं सेवेचा भाग मानलं जातं, पण नफा न्यासाचा नसतो आणि कंपनीचे संचालक गुरूंच्या घरातले असतात. तिसरा खिसा व्यक्तीचा. गुरुपौर्णिमेची पाकिटं, पायावर ठेवलेली रक्कम, कुणाच्या तरी नावाचा क्यूआर कोड. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट मिळाली तर ती पूर्ण रक्कम करपात्र ठरते, हे पाकीट देणाऱ्यांच्या गावीही नसतं. दानपेटीचंही तसंच. निव्वळ धार्मिक न्यासाला निनावी देणग्यांवर वेगळा कर लागत नाही, म्हणून पावतीचा आग्रह धरणाऱ्याला ‘उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये’ असं सांगणं सोयीचं पडतं. गुप्तदानाची परंपरा खरी आहे आणि सुंदर आहे. पण गुप्त राहायचं ते देणाऱ्याचं नाव. घेणाऱ्याचा हिशेब गुप्त ठेवायला कुठलीही परंपरा सांगत नाही.

पावती हातात आली तर ती वाचावी. तिच्यावर न्यासाचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, छापील अनुक्रमांक, तारीख, अक्षरी रक्कम आणि कारण असायला हवं. नोंदणी क्रमांकाचं पहिलं अक्षरही काही सांगतं: हिंदू धार्मिक न्यासाला ‘ए’, इतर धर्मादाय न्यासाला ‘ई’, संस्था नोंदणी कायद्याखालच्या संस्थेला ‘एफ’. ‘कारण’ हा रकाना रिकामा सोडू नये. ‘कायम निधी’ लिहिलं तर ती रक्कम मुद्दल म्हणून ठेवावी लागते, ‘बांधकाम’ लिहिलं तर बांधकामाला लावावी लागते, नुसतंच ‘देणगी’ लिहिलं तर कशालाही वापरता येते. आयकरातली ८०-जी ची सवलत मिळेल असं सांगितलं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रोख दिलेल्या २,००० रुपयांच्या वरच्या देणगीवर ती सवलत मिळत नाही. आणि २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेने आयकर खात्याकडे देणगीदारांचं विवरण भरून देणगीदाराला खात्याच्या यंत्रणेतून निघालेलं प्रमाणपत्र द्यायचं असतं. फक्त पावती आली, प्रमाणपत्र आलं नाही, तर रक्कम त्या विवरणात दाखवलेलीच नसण्याची शक्यता आहे. सोनं दिलं असेल तर पावतीवर वजन ग्रॅममध्ये हवं आणि वस्तूचं वर्णन हवं. ‘एक हार’ या दोन शब्दांचं पुढे काहीही होऊ शकतं.

खरी माहिती मिळते धर्मादाय कार्यालयात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० मध्ये ‘हितसंबंधित व्यक्ती’ची व्याख्या आहे, आणि तिच्यात मठाचा शिष्य, पंथाचा अनुयायी, देवळात नेहमी दर्शनाला जाणारा भाविक हे सगळे बसतात. म्हणजे ज्याला ‘तुझा काय संबंध?’ म्हणून गप्प केलं जातं, त्याचा संबंध कायद्यानेच मान्य केलेला आहे. अर्ज लिहून, कोर्ट फी स्टँप लावून नकला मागायच्या. मागायचं काय ते नेमकं लिहावं, नाहीतर अर्ज फिरत राहतो. पहिली नक्कल परिशिष्ट १ ची, म्हणजे नोंदणी पुस्तकातल्या उताऱ्याची. त्यात विश्वस्तांची नावं, स्थावर मालमत्ता आणि जंगम मालमत्ता असते. आपण दिलेलं सोनं किंवा गाडी तिथं चढलीय का ते बघता येतं. दुसरी, बदल अर्जांची. विश्वस्त किंवा मालमत्ता बदलली की ९० दिवसांत कळवावं लागतं. वर्षानुवर्षं एकही बदल अर्ज नाही आणि इकडे इमारती मात्र उभ्या राहतायत, असं दिसलं तर त्या इमारती कुणाच्या नावावर आहेत हा पुढचा प्रश्न. तिसरी, मागच्या तीन-चार वर्षांच्या हिशेबपत्रकांची. ३१ मार्चला वर्ष बंद होतं आणि त्यानंतर सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हायला हवं. ताळेबंद परिशिष्ट ८ मध्ये, आय-व्यय पत्रक परिशिष्ट ९ मध्ये.

सर्वसाधारण वाचक ताळेबंद बघून घाबरतो. त्याने आधी लेखापरीक्षकाचा अहवाल उघडावा. नियम १९ प्रमाणे लेखापरीक्षकाला ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतात, आणि ती साध्या भाषेत असतात. पावत्या आणि खर्च नीट दाखवलेत का? रोख शिल्लक आणि व्हाउचर जबाबदार माणसाच्या ताब्यात होते का, ताळा जमला का? न्यासाचा पैसा न्यासाच्या उद्देशाबाहेर वापरला गेला का? वर्षापेक्षा जास्त काळ येणं राहिलेल्या रकमा किती, सोडून दिलेल्या किती? दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का? कुणी विश्वस्त न्यासाचा ऋणको किंवा धनको आहे का? सभा झाल्या का, इतिवृत्ताची वही आहे का? या उत्तरांत ‘लागू नाही’ असं ओळीने भरलेलं दिसलं, किंवा दरवर्षी शब्दन्‌शब्द तेच दिसलं, तर परीक्षण कागदावरच उरकलंय असं समजायला हरकत नाही. मग ताळेबंदाकडे वळावं आणि तीन आकडे बघावेत: हातातली रोख शिल्लक, विश्वस्तांना किंवा त्यांच्या संस्थांना दिलेल्या ‘उचल रकमा’, आणि ‘इतर खर्च’. चांगल्या चाललेल्या न्यासात हातातली रोकड थोडी असते. वर्षअखेरीस लाखोंनी रोकड ‘हातात’ दाखवली असेल तर ती खरोखर हातात आहे का हे कुणीतरी मोजायला हवं.

हे सगळं विचारणं म्हणजे धर्माला विरोध, असं या शहरात तरी कुणी म्हणू नये. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे राजपुरोहितांनी महाराजांचे विधी वेदमंत्रांनी करायला नकार दिला त्या वादात, राजर्षी शाहूंनी शेवटी हात घातला तो इनामात. १९०२ मध्ये राजोपाध्यांचं वतन जप्त झालं आणि वादाचं स्वरूपच बदललं. धर्मसत्तेचं बळ तिच्या उत्पन्नात असतं, हे कोल्हापूरला शंभर वर्षांपूर्वीच समजलेलं आहे.

जमिनीबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण एकदा सातबाऱ्यावरचं नाव गेलं की परत आणायला पिढी जाते. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकायला किंवा बक्षीस द्यायला कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. न्यास हा शेतकरी नसतो. म्हणून आश्रमासाठी दिलेली जमीन बऱ्याचदा न्यासाच्या नावावर होतच नाही, ती गुरूंच्या पुतण्याच्या किंवा एखाद्या विश्वासातल्या खातेदाराच्या नावावर बक्षीसपत्राने जाते. देणाऱ्याला वाटतं देवाला दिली. कागद सांगतो अमक्या पाटलांना दिली. दुसरी अडचण वाटणीची. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीतला अविभक्त हिस्सा एकट्या सहदायादाने, म्हणजे कुटुंबातल्या एका हिस्सेदाराने, बक्षीस द्यायचा म्हटलं तर इतरांच्या संमतीशिवाय ते बक्षीस टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये स्पष्ट केलं आहे. भाऊ, मुलगे आणि मुली हरकत घेऊ शकतात, आणि ती फेरफाराची नोटीस आल्यावर १५ दिवसांच्या आत तलाठ्याकडे लेखी द्यावी. मुदत हुकली तर अपील प्रांतांकडे. तिसरी गोष्ट म्हाताऱ्या माणसांची. ‘शेवटपर्यंत आम्ही सांभाळू’ या शब्दावर घर किंवा शेत दिलं असेल आणि सांभाळ होत नसेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण सांभाळाची अट दस्तात लिहिलेली असेल तर काम सोपं होतं, तोंडी असेल तर सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून काकू-आजोबांना दान करण्यापासून अडवता येत नसेल तर निदान ती एक ओळ दस्तात घालायला लावावी.

प्रतिमेच्या कामात पैसा कमी लागतो आणि फळ मोठं मिळतं. रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, व्यसनमुक्ती, शाळेला वह्या, पूरग्रस्तांना मदत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठच्या माणसांना ज्या ज्या हाताने मदत दिली त्या हातांबद्दल कृतज्ञता आहेच. मात्र मदत करणं आणि मदतीचा हिशेब देणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात. आपत्तीसाठी वेगळा निधी गोळा झाला होता का, त्याची वेगळी पावती होती का, वाटलेलं सामान संघटनेच्याच कंपनीकडून घेतलं का, एवढं विचारावं. कार्यक्रमाला आमदार, अधिकारी, कुलगुरू, एखादा निवृत्त न्यायाधीश बोलावला जातो. पाहुण्याला आत काय चालतं याची कल्पना नसते. पण त्याचा फोटो पुढची दहा वर्षं चौकातल्या फलकावर राहतो, आणि तक्रार घेऊन पोलिस ठाण्यात गेलेल्या बाईला तोच फोटो भिंतीवर दिसतो. सार्वजनिक पदावरच्या माणसांनी निमंत्रण घेण्याआधी संस्थेचं मागच्या वर्षाचं लेखापरीक्षण मागितलं, तर यातलं बरंच आपोआप थांबेल.

प्रतिमेचा सगळ्यांत मजबूत आधार ‘अनुभव’ हा असतो. आजार बरा झाला, मुलाला नोकरी लागली, नवऱ्याची दारू सुटली. अनुयायाकडून हे त्याच्याच अक्षरात लिहून घेतात, अलीकडे मोबाइलवर चित्रित करतात. शेजारी दुसरी वही असते: दोष, चुका, मनातले वाईट विचार, घरातली भांडणं, लग्नाआधीचं काही. ती शुद्धीसाठी म्हणून लिहून घेतलेली असते. माणूस आत असेपर्यंत पहिली वही लोकांना दाखवतात. बाहेर पडून बोलायला लागला की दोन्ही वह्या त्याच्याविरुद्ध उघडतात: ‘हे बघा, यांनीच लिहिलं होतं गुरूंनी वाचवलं’, आणि ‘या बाईचं चारित्र्य काय ते आम्हाला माहीत आहे’. म्हणून कुठल्याही केंद्रात स्वतःबद्दल असं काही लिहून देऊ नये जे गावच्या पारावर वाचलं गेलेलं चालणार नाही. आधीच दिलं असेल तर घाबरूनही जाऊ नये. ते पसरवण्याची धमकी देऊन पैसे किंवा गप्प राहणं मागितलं, तर तो गुन्हा त्यांच्या अंगावर येतो, आणि धमकीचा संदेश हाच त्याचा पुरावा असतो.

नाराज माणसाला हाताळण्याची पद्धत जगभर इतकी सारखी आहे की थक्क व्हायला होतं. अमेरिकेतल्या सायंटॉलॉजी नावाच्या संघटनेत वरच्या पायऱ्यांच्या शिकवणीला ठरलेले दर आहेत. त्यांच्या ‘सी ऑर्ग’ नावाच्या अंतर्गत दलात येणारे एक अब्ज वर्षांच्या सेवेचा करार सही करतात. आणि दल सोडणाऱ्याच्या हातात आतापर्यंत फुकट मिळालेल्या शिकवणीचं बिल ठेवतात. विरोधी ठरवलेल्या माणसाशी घरच्यांनीही संबंध तोडायचे असतात. आपल्याकडे नावं वेगळी. आधी माया वाढते: वरिष्ठ घरी येतात, चहा घेतात, ‘ही परीक्षा आहे’ म्हणतात. मग दुसऱ्या केंद्रात पाठवणी होते, म्हणजे शंका घेणाऱ्या दोघांची गाठ पडू नये. मग व्हॉट्सॲप गटातून नाव जातं. त्यानंतर ‘गुरुद्रोही’. इथपर्यंत आलं की दुकानाचं गिऱ्हाईक तुटतं, संघटनेतच जमवलेली सोयरीक मोडते, एखाद्या अनुयायाच्या कारखान्यातली नोकरी जाते. सगळ्यांत क्रूर भाग नवरा-बायकोत उभ्या केलेल्या भिंतीचा. एक बाहेर, एक आत, आणि मुलं संघटनेच्या गुरुकुलात.

याला उत्तर म्हणून २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे, जुलै २०१७ पासून महाराष्ट्रात लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवायचा. तो प्रामुख्याने जातपंचायतींविरुद्ध वापरला गेला. पण त्यातली ‘समुदाय’ची व्याख्या जन्माने, धर्मांतराने किंवा धार्मिक विधीने एकाच पंथात आलेल्यांनाही कवेत घेते, त्यामुळे दीक्षा दिलेल्या गटाला तो लागू करण्याचा युक्तिवाद करता येतो. त्यासाठी बहिष्काराचा आदेश कुणी, कधी, कोणत्या शब्दांत दिला हे हवं. गटातला संदेश, सत्संगातलं ध्वनिमुद्रण, ‘आम्हाला सांगितलंय तुमच्याशी बोलू नका’ असं म्हणणारा एक तरी साक्षीदार. लोकांनी बोलणं बंद केलं एवढ्यावर गुन्हा उभा राहत नाही.

बाहेर पडायचं ठरलं असेल तर आधी जाहीर करू नये. आधी कागद गोळा करावेत. मुलांचे दाखले, आधार, पॅन, पासपोर्ट, शैक्षणिक प्रमाणपत्रं आश्रमात ठेवली असतील तर काहीतरी साधं कारण सांगून परत घ्यावीत. बँकेचे जुने उतारे लगेच काढावेत, कारण बँकांवर नोंदी ठरावीक वर्षांपुरत्याच ठेवण्याचं बंधन आहे. कोरे सही केलेले धनादेश दिले असतील तर त्यांचे क्रमांक पासबुक-चेकबुकातून शोधून त्यांचे पैसे देणं थांबवायला बँकेला लेखी कळवावं आणि धनादेश परत मागणारी नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवावी. याचं कारण असं, की असा धनादेश भरला आणि परत आला तर ३० दिवसांत नोटीस येते आणि १५ दिवसांत पैसे भरा म्हणतात, आणि आपल्यावर फौजदारी उभी राहते. आधी पाठवलेली नोटीस तेव्हा कामी येते. मुखत्यारपत्र दिलं असेल तर ते रद्द करण्याचा दस्त नोंदवावा, जाहीर नोटीस द्यावी. बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी, पतसंस्था, सगळीकडचे नॉमिनी तपासावेत. सातबारा आणि सूची २ (नोंदलेल्या दस्तांचा उतारा) ऑनलाइन बघता येतात, स्वतःच्या नावाने शोध घ्यावा. बँक खात्याला केंद्रातल्या कुणाचा मोबाइल जोडलेला नाही ना, हेही बघावं. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हे फार आढळतं.

परत काय मिळू शकतं, याबद्दल खोटी आशा कुणी देऊ नये. राजीखुशीने दिलेली देणगी परत मिळत नाही. हातउसने दिलेले मिळू शकतात, नोंद किंवा संदेश असेल तर. ‘ठेवा, वाढवून देऊ’ म्हणून घेतलेली रक्कम ही देणगी नसून ठेव असते, आणि तिच्यासाठी १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. पावतीवर ‘देणगी’ लिहिलेलं असलं तरी व्याजाचे हप्ते आलेले दिसत असतील तर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जावं. मालमत्तेचं दानपत्र गैरवाजवी प्रभावाखाली झालं असेल तर ते रद्द होऊ शकतं. गुरू आणि शिष्य हे नातं न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकापासून असं मानलेलं आहे की व्यवहार अन्यायाचा दिसला तर तो प्रामाणिक होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी गुरूवर येते. मात्र मुदत तीन वर्षांची आहे, वस्तुस्थिती कळल्यापासून मोजलेली. बाहेर पडल्यावर बरीच माणसं वर्ष-दोन वर्षं नुसती सुन्न असतात आणि तेवढ्यात ही मुदत सरते, म्हणून वकिलाची पहिली भेट तरी लवकर घ्यावी. न्यासाच्या कारभाराबद्दलच दाद मागायची असेल तर १९५० च्या त्याच कायद्याच्या कलम ४१-ड खाली विश्वस्तांना निलंबित किंवा दूर करण्यासाठी अर्ज करता येतो, आणि कलम ५० च्या दाव्याला किमान दोन हितसंबंधित व्यक्ती आणि धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती लागते. दोन माणसं एकत्र येऊ नयेत यासाठी संघटना एवढा आटापिटा का करते, ते इथं कळतं. वरच्या न्यायालयात जायची वेळ आली तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, मुंबईची फेरी वाचली आहे.

बदनामीच्या नोटिशीला लोक फार घाबरतात. नोटीस म्हणजे खटला नव्हे. तिला वकिलामार्फत शांत, छोटं उत्तर द्यावं आणि तोवर नवीन काही लिहू नये. सार्वजनिक हितासाठी केलेलं खरं विधान हा बदनामीच्या गुन्ह्याला अपवाद आहे, म्हणून बोलताना जेवढा कागद हातात आहे तेवढंच बोलावं. ‘लुटारू’ हा शब्द अडचणीत आणतो; ‘अमुक सालच्या ताळेबंदात ही रक्कम दिसत नाही’ हे वाक्य आणत नाही.

चमत्काराच्या नावाने पैसे घेणं, शक्तीचा धाक घालणं, पूर्वजन्मीचं नातं सांगून शरीरसंबंध ठेवणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली येतं. सहा महिने ते सात वर्षं कैद, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. वारी, कीर्तन, पूजा, प्रदक्षिणा यांना तो कायदा हात लावत नाही, हे त्यातच लिहिलेलं आहे, त्यामुळे ‘हा धर्मावर घाला’ असं कुणी म्हणालं तर ते कलम वाचून दाखवावं. मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल, अगदी सोळा-सतराचं असलं तरी, आणि लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर किंवा बालकल्याण समितीकडेही कळवता येतं.

भीतीबद्दल. या शहरात १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळच्या फेरीहून परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी पानसरे गेले. त्यामुळे ‘उगीच घाबरता’ असं कुणाला म्हणवत नाही. हरियाणातल्या सिरसाच्या डेरा सच्चा सौदा या पंथावर २००२ मध्ये एका साध्वीचं निनावी पत्र छापणारे पत्रकार रामचंद्र छत्रपती यांचा खून झाला. त्याच पत्रातून उभ्या राहिलेल्या खटल्यात डेराप्रमुख २०१७ मध्ये दोषी ठरला. आसारामच्या खटल्यांत साक्षीदारांवर हल्ले झाले, काही मारले गेले, आणि त्यांतलेच एक साक्षीदार महेंद्र चावला यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. तिच्याखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो, आणि पोलिसांना धोक्याचा अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो. जबाब देण्याआधीच हा अर्ज तयार ठेवावा. मूळ कागदांच्या दोन प्रती काढून एक वकिलाकडे आणि एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवावी.

घरातलं माणूस आत असेल आणि आपण बाहेर, तर दोन चुका टाळायच्या. गुरूंची टिंगल करायची नाही आणि ‘ते किंवा आम्ही’ असं विचारायचं नाही. संघटनेने आधीच सांगून ठेवलेलं असतं की घरचे विरोध करतील. आपण तसंच वागलो की त्यांचं भाकीत खरं ठरतं. सज्ञान मुलगी आश्रमात स्वतःहून राहिली असेल तर उच्च न्यायालयातल्या तिला हजर करण्याच्या (हेबिअस कॉर्पस) याचिकेतही न्यायमूर्ती तिलाच विचारतात, आणि ती ‘माझी मर्जी’ म्हणाली की विषय तिथंच थांबतो. म्हणून फोन चालू ठेवावा. सण, आजारपण, म्हशीचं वेत, आजीची तब्येत, जे असेल ते कळवत राहावं, उत्तर आलं नाही तरी. घर आणि पैसे याबद्दल एकच गोष्ट स्पष्ट ठेवावी: वाटणीच्या कागदावर घाईत सही होणार नाही. तिच्या नावाचं एक खातं, ज्याचं एटीएम कार्ड आणि मोबाइल क्रमांक तिच्याच हातात राहील, त्यात महिन्याला थोडी रक्कम भरत राहावी. मध्यरात्री निघायची वेळ आली तर एसटीचं तिकीट, चार दिवस राहायची सोय आणि नवीन सिम एवढे पैसे तिथं हवेत. आणि बाहेर आल्यावर पहिल्या आठवड्यात कुणी ‘काय झालं’ म्हणून खोदून विचारू नये. झोप लागत नसेल तर १४४१६ या टेलिमानस नावाच्या मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, दिवसरात्र, पैसे पडत नाहीत.